मिठाची गुळणी

आमच्या दिग्रसला पाण्याच्या दोनच जाती, गोडं आणि खारं. नळाचं ते गोडं; ते भरून, झाकून, जपून वापरायचं. बोरचं ते खारं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो तो नखानं खरवडला तरी निघत नाही. नवी सून घरात आली की कोणता हंडा गोड्याचा आणि कोणता खाऱ्याचा हे तिला आधी शिकवतात. मलाही सासूबाईंनी तेच शिकवलं होतं. म्हणून यवतमाळच्या मासेवाल्यानं मासा पिशवीत बांधता बांधता "याले खारं पाणी लागते बरं" असं बजावलं, तेव्हा मी आणि नवरा एकमेकांकडे बघून हसलो.

"खाऱ्या पाण्याचं टेन्शनच नोको घेऊ भाऊ," नवरा त्याला म्हणाला. "आमच्या घरी बारा महिने खारंच."

मासेवाल्यानं मान डोलावली. गिऱ्हाईक जाणकार आहे असं त्याला वाटलं असणार.

मासा लिंबाएवढा. पाठ पिवळसर हिरवी, तिच्यावर काळे ठिपके, पोट पांढरं. घाबरला की फुगतो, म्हणून त्याला पफर म्हणतात. ही निवड माझी नव्हती, सासूबाईंची होती. यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीत एक टाकी आहे. तिच्यात असाच एक मासा होता आणि नंबर लागेपर्यंत त्या त्याच्यासमोर बसायच्या. स्वतःसाठी कधी काही न मागणारी बाई परतीच्या एस.टी.त मुलाला म्हणाली, "तसा मासा आपल्या घरी ठेवता येते का रे?" मग काय, पुढच्या फेरीत मासाही आला आणि टाकीही आली.

सासूबाईंना काचबिंदू आहे. डावा डोळा गेला आहे, आणि तो कसा गेला हे इथं सांगायला हवं. त्या वर्षी त्या सारख्या म्हणायच्या की स्वयंपाकघरातला बल्ब मंद झाला. आम्ही बल्ब बदलला. काही दिवसांनी म्हणाल्या, हाही मंदच निघाला. मग नवऱ्यानं चांगली लांब एलईडी पट्टी आणून लावली, घर लग्नाच्या मांडवासारखं उजळलं, आणि त्या म्हणाल्या, "हो, आता बरं हाय." आमच्या समाधानासाठी म्हणाल्या असतील. पुढे डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून डाव्यासमोर बोटं धरली, तेव्हा कळलं की बल्ब सगळे चांगले होते.

आता उजवा डोळा राहिला होता. सकाळ-संध्याकाळ थेंब, आणि ठरलेल्या वेळी यवतमाळला तपासणी. हा आजार कडेकडून आत येतो. समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, त्यामुळे माणसाला आपलं काही गेलंय हे कळतच नाही. म्हणून आम्ही टाकीवरून एक घरगुती परीक्षा काढली होती. टाकीच्या डाव्या कोपऱ्यात हिटर, त्याचा लाल दिवा. उजव्या कोपऱ्यात अडाण नदीतून आणलेला काळा दगड. सकाळी थेंब घालून झाले की सासूबाई खुर्चीत बसायच्या, हातात चहा घ्यायच्या आणि मान न हलवता सांगायच्या, "लाल दिवा हाय. दगड हाय. हा मधात फिरून राह्यला." डॉक्टर म्हणाले होते की असल्या परीक्षेला काही अर्थ नाही, खरं काय ते मशिनवरच कळतं. त्यांचं बरोबरच असेल. पण त्या तीन वाक्यांनंतर माझा दिवस सुरू व्हायचा, हेही तितकंच खरं.

दिवाळी झाली आणि मासा मलूल झाला. पांढरं पोट राखेच्या रंगाचं दिसायला लागलं. आठवडी बाजारातला सुका जवळा त्याला जीव की प्राण, पण तो समोर टाकला तरी तोंड फिरवायचा. मी मासेवाल्याला फोन लावला.

"मीठ किती टाकलं होतं बाई?" त्यानं विचारलं.

"मीठ कायले? पाणी खारंच हाय आमचं. बोरचं."

पलीकडे त्यानं कुण्या गिऱ्हाइकाला "थांबा जरा" म्हटलं.

"बाई," तो म्हणाला, "खारं म्हंजे समुद्राचं. बोरचं नाही. बोरच्या पाण्यात चुना असते, मीठ नाही राहत. हा मासा खाडीतला हाय. लहान असतो तवा गोड्यात चालून जाते, मोठा झाला का त्याले मीठ पाहिजेच."

आमच्या इथून समुद्र इतका लांब की खारं म्हटल्यावर तो मनातच येत नाही. मनात येतो तो बाथरूममधला पांढरा थर लागलेला मग. नवऱ्याला सांगितलं तर तो उलट चिडला. "मंग तसं सांगाचं ना त्यानं. समुद्राचं म्हणाचं." मी म्हटलं, त्यानं मराठीतच सांगितलं होतं. त्यावर तो दुकानाला निघून गेला.

मासेवाल्यानं समुद्री मिठाचं पाकीट आणि खारटपणा मोजायची काचेची तरंगती नळी आमच्या एका शेजाऱ्याच्या हाती पाठवली. सासूबाईंनी नळी बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "हे तं दुधाची डिग्री पाहाची नळी हाय." त्यांनी कितीतरी वर्षं म्हशी पाळल्या होत्या. जवळजवळ तीच नळी होती खरी. सूचना एकच आणि कडक होती, मीठ हळूहळू वाढवायचं. एका झटक्यात टाकलं तर मासा मरेल, आणि टाकीतली घाण पचवणारे जे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात तेही मरतील. बादलीत मीठ विरघळवायचं, नळी तरंगवून बघायची, टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच हे घालायचं, आणि मग काही दिवस हात जोडून बसायचं. थांबणं माझ्या स्वभावात नाही. मी कुकरचीही शिट्टी बोटानं उचलून बघणारी बाई आहे. पण थांबले.

मासा सुधारायला लागला. पोट पांढरं झालं, जवळ्यावर झडप घालू लागला. आणि आता सुटलो म्हणेपर्यंत पाणी हिरवं झालं.

आधी टाकीतली लांब पातीची झाडं गळाली. त्यांना मीठ सोसलं नाही, पाती चिकट होऊन तळाशी सडली. मग काचेवर हिरवी साय धरली. मी ती जुन्या एटीएम कार्डानं खरवडायची आणि दुसऱ्या दिवशी ती परत हजर. शेवटी पाणीच हिरवं झालं, पालकाच्या पातळ भाजीसारखं. त्यात थंडीचं तिरपं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून थेट टाकीवर यायचं. एरवी त्या उन्हासाठी आम्ही त्या खोलीवर खूश असायचो. हिटरचा दिवा आता लाल नव्हे तर मातकट दिसायचा, दगड तर शोधावाच लागायचा. मला दोन डोळे असून शोधावा लागायचा.

आणि माझी खरी पंचाईत झाली ती इथे. आता सासूबाईंना दगड दिसला नाही, तर तो शेवाळामुळे दिसला नाही की डोळ्यामुळे, हे कोण सांगणार?

मी नवऱ्याला ताकीद दिली. "आईसमोर शेवाळाचं नाव काढू नका. त्यांले वाटन मासा मरते, जीवाले लावून घेतीन. चिंतेनं डोळ्याचं प्रेशर वाढते." हे शेवटचं डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं, माझ्या मनचं होतं. पण नवऱ्याला पटलं, कारण त्याला गप्प बसायला कारण मिळालं. सासूबाई दुपारी अंगणात उन्हाला बसल्या की मी काच खरवडायची, कुजलेली पाती वेचायची, बादल्या उचलायची. त्या आत येईपर्यंत फरशी पुसलेली असायची. घरात रोज मीठ कालवत होतो आणि दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली होती.

सकाळची तीन वाक्यं चालूच होती, पण ती आखडत गेली. "हाय. सारं हाय." मग नुसतं "हो." मग एके दिवशी त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि काहीच न बोलता उठल्या. उठताना दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागला. तो कधीतरी लागायचाच. त्या दिवशी मात्र मला तो आवाज दिवसभर ऐकू येत राहिला.

"पुढची तारीख संक्रांतीनंतरची हाय," मी नवऱ्याला म्हटलं. "आताच जाऊन येऊ."

"माय काही म्हणते का?"

"बल्बाच्या वेळी काय म्हणल्या होत्या?"

त्यानं दुकानाची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "तूच इचार ना तिले सरळ."

विचारायला काय जात होतं? पण मी विचारू शकले नाही. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मले काय झालं, आणि ते खरं की खोटं हे मला कळलं नसतं. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. उत्तर येईपर्यंत त्यांचा डोळा चांगला होता.

मासेवाल्याला परत फोन केला. नवऱ्याचं म्हणणं, शेवाळ मारायचं औषध मिळतं ते टाकून मोकळं व्हावं. मासेवाला घाईनं म्हणाला, "बिलकुल नोको. याच्या अंगावर खवले नाही, औषध सरळ अंगात जाते. मरन." मग त्यानं विचारलं, "पाणी अजून बोरचंच टाकून राह्यल्या का? बोर शेताजवळ हाय का?"

आमच्या मागच्या भिंतीला लागूनच कपाशीचं वावर आहे. टाकलेला युरिया पाण्याबरोबर खाली उतरतो आणि बोरमधून वर येतो. म्हणजे मी शेवाळ काढायला जे पाणी बदलत होते, तेच त्याचं खत होतं. मी कपाळाला हात लावला. त्यानं उपाय सांगितला तो असा की नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवायचं, त्यात टाकीइतकंच मीठ कालवायचं आणि तेच घालायचं. खाणं कमी करायचं. आणि टाकी काळ्या कापडानं पूर्ण झाकून काही दिवस अंधारात ठेवायची. उजेड नाही तर शेवाळ नाही. अंधारानं माशाला काही होत नाही.

मी माझी काळी शाल टाकीवर घातली, कडा पिनांनी बंद केल्या. सासूबाईंना सांगितलं, "माशाले बरं नाही, त्याले उजेड चालत नाही." त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

तरीही सकाळी थेंब घातल्यावर त्या त्याच खुर्चीत बसल्या. चहा घेतला. समोर काळी शाल. इकडे मी ओट्याशी पोळ्या लाटत होते आणि मान वळवून वळवून बघत होते. रोज हेच. बाहेर जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हॉर्न वाजत असायचे, आणि आत ही बाई झाकलेल्या टाकीसमोर शांत बसलेली. मला तिच्यावर रागसुद्धा यायचा. वाटायचं, काहीतरी बोला हो. भांडा तरी. माझ्या पोळ्या त्या दिवसांत सगळ्या करपल्या, आणि त्यांनी त्यालाही नावं ठेवली नाहीत. एरवी कडेनं कच्ची राहिलेली पोळीसुद्धा त्यांना चालत नसे.

शाल काढली तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. सकाळीच काढली, सासूबाई अंघोळीला गेल्या तेव्हा. पाणी निवळलं होतं. मला रडूच यायचं बाकी होतं. तळाशी मेलेल्या शेवाळाचा राखाडी गाळ तेवढा बसला होता. तो लगेच ओढून घ्यावा म्हणून मी मासा आधी बादलीत काढला. त्याला जाळीनं धरायचं नसतं, हवेत आला तर हवा भरून फुगतो आणि मग त्याला ती सोडता येत नाही. म्हणून मगानं पाण्यासकट उचलला. बादली मोरीच्या कडेला ठेवली. नळीनं गाळ ओढला, तयार ठेवलेलं पाणी घातलं, काच आतून बाहेरून पुसली, हिटर लावला. पाणी कोमट झाल्याशिवाय मासा सोडायचा नव्हता, म्हणून मी मागच्या दारी नळी धुवायला गेले.

परत आले तर सासूबाई खुर्चीत बसलेल्या. चहा नाही, थेंब नाही, ओले केस तसेच. टाकीकडे बघत होत्या. मान हलत नव्हती.

"मासा दिसत नाही व," त्या म्हणाल्या.

इतके दिवस ज्या वाक्याची भीती होती तेच आलं होतं, आणि पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं. दोष द्यायला आता शेवाळही उरलं नव्हतं. नळी माझ्या हातातून पडली. मला हे आठवायला हवं होतं की मासा बादलीत आहे, पण माणूस घाबरला की त्याला स्वतःच्या हातानं केलेलंही आठवत नाही.

"लाल दिवा दिसते," त्या पुढे म्हणाल्या. "दगड दिसते. दगडामांगं काचेले एक पिन अडकली हाय, ते बी दिसते. मासाच नाही. मेला का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी धावत जाऊन बादली उचलून आणली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. मासा बादलीच्या तळाशी रागानं गोल फिरत होता. त्यांनी वाकून बघितलं.

"मासा नाही म्हणल्यावर तुह्या तोंडचं पाणी असं काहून पळालं?" त्यांनी विचारलं. "मी का आंधळी झाली असं वाटलं तुले?"

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. बोरचं पाणी, युरिया, शेवाळ, हिरवी झालेली टाकी, दुपारचं खरवडणं, शालीचं खरं कारण. नवऱ्याला दिलेली ताकीदसुद्धा सांगितली. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी माझा हात धरला.

"म्हंजे पाणी हिरवं झालतं?"

"हो आई. पालकाच्या भाजीवानी."

"खरंच झालतं?"

"खरंच."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. "मले रोज हिरवं दिसे," त्या म्हणाल्या. "घरात कोणीच काही म्हणे ना. मले वाटे पाणी साफच असन, हिरवं माह्याच डोळ्यात उतरलं. बल्बाच्या वेळी मी म्हणत राह्यली का बल्ब मंद झाला, अन् बल्ब चांगला होता. म्हून या वक्ती बोललीच नाही. मंग तू ते काळं कापड टाकलं. मले वाटलं, तुले समजलं का मले दिसत नाही, अन् मले रोज सकाळी सांगावं लागू नये म्हून तू टाकी झाकली."

बादलीतल्या माशानं शेपटीनं पाणी उडवलं, ते दोघींच्या पायांवर आलं.

"रोज कायले बसत होत्या मंग त्या कापडासमोर?" मी विचारलं.

"तुले वाईट वाटू नये म्हून," त्या म्हणाल्या.

तपासणीची तारीख आम्ही अलीकडे आणली. डॉक्टरांकडे मशिनवर बसवलं, आणि उजव्या डोळ्याचा नकाशा मागच्या वेळी होता तसाच निघाला. जास्त काही गेलेलं नव्हतं. परत आलेलंही नव्हतं, ते येतही नसतं. थेंब तेच चालू ठेवायचे होते. नवरा औषधं घ्यायला गेला आणि आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत त्यांच्या नेहमीच्या टाकीसमोर बसून राहिलो. त्या बराच वेळ बघत होत्या. मग माझ्या कानाशी आल्या.

"हे पाणी हिरवं हाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी वाकून नीट बघितलं. मागच्या काचेवर, कोपऱ्यात, साय धरायला सुरुवात झाली होती.

"हो आई," मी म्हटलं. "हिरवं हाय."

त्या मागे टेकून बसल्या आणि त्यांनी चष्मा पदरानं पुसून परत डोळ्यांवर चढवला.